अटालेवाल्याला देण्याआधी: इंदूरच्या मराठी संस्थांना एक खुले पत्र

प्रति,
इंदुरातील मराठी ग्रंथालये, मंडळे आणि संगीत संस्था यांच्या कार्यकारिणीचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची आवराआवर निघाली की संस्थांच्या माळ्यावरून रेकॉर्डच्या पेट्या खाली उतरतात. पुढचे सगळे ठरल्यासारखे होते. एखाद्या जाणत्या सभासदाला बोलावतात. ते अमीर खाँसाहेब, कुमारजी, लताबाई वेगळे काढतात, दोन-चार नाट्यगीते बाजूला ठेवतात, आणि उरलेला ढीग ‘किरकोळ’ ठरून वजनावर अटालेवाल्याकडे, म्हणजे भंगारात, जातो. त्या ढिगात काय असते? अनोळखी नावाचा एखादा नाचाचा बँड, माळवी बन्ना-बन्नी (लग्नगीते), शाहिरी, कोळीगीते, गोव्याची कोंकणी गाणी, इंग्रजी पॉप, गिटारवर वाजवलेल्या फिल्मी चाली. हे पत्र त्या ढिगासाठी आहे.

आमचे म्हणणे असे की निवड उलट्या बाजूने व्हायला हवी. खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी रेकॉर्ड, १९६०ची. ती पुढे कॅसेटवर आली, सीडीवर आली, आज फोनवर ऐकता येते. आपल्या कपाटातली प्रत उद्या फुटली तर हळहळ वाटेल, पण तो मारवा नाहीसा होणार नाही. किरकोळ ढिगाला असा कोणी वाली नाही. जी रेकॉर्ड एकदाच निघाली, खपली नाही म्हणून कंपनीने पुन्हा काढली नाही, कॅसेटच्या काळात जिची कोणाला आठवणही राहिली नाही, तिचा आवाज आता फक्त शिल्लक प्रतींत आहे. त्यातली एक प्रत आपल्या माळ्यावर असू शकते.

हे नुसते भावनेपोटी म्हणत नाही. मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझरवर, डिस्कोच्या ठेक्यात दहा रागांची एलपी केली. तेव्हा तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. वीस वर्षांनी तिची एक जुनी प्रत एका डच संग्राहकाच्या हाती लागली, २०१०मध्ये ती नव्याने निघाली, आणि परदेशात पुढे गाजलेल्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा ठसा तिच्यात आधीच उमटला होता असे जगभरचे जाणकार लिहू लागले. रूपा बिस्वास यांनी त्याच वर्षी कॅनडात केलेली डिस्को-जॅझची एलपीही अशीच विस्मरणात गेली आणि २०१९मध्ये पुन्हा निघाली. दोन्ही रेकॉर्ड तेव्हाच्या कोणत्याही यादीत ‘किरकोळ’च ठरल्या असत्या.

जॅझशी आपला काय संबंध, असा प्रश्न बैठकीत हमखास निघेल. सी. रामचंद्र आपले ना? त्यांच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवायचे चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचे अँटोनिओ झेवियर वाझ. १९५१च्या ‘अलबेला’मधला तो झणझणीत ब्रास जॅझच्या बँडमधून आलेल्या माणसांचा आहे. टेडी वेदरफोर्ड हा अमेरिकन पियानोवादक मुंबईच्या ताजमध्ये वाजवायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने कलकत्त्यात कोलंबिया कंपनीसाठी ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या केल्या आणि १९४५मध्ये तिथेच पटकीने गेला. शंकर-जयकिशन यांनी १९६८मध्ये रईस खाँच्या सतारीला सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटची जोड देऊन रागांवर जॅझची एलपी काढली. ख्रिस पेरी आणि लोर्ना यांची कोंकणी गाणी तर अस्सल जॅझच्या बँडवर गायलेली आहेत. पाश्चात्त्य देशांत ७८च्या तबकड्या १९६०च्या सुमारास बंद झाल्या, पण आपल्याकडे कलकत्त्याजवळचा डमडमचा रेकॉर्डचा कारखाना त्या पुढेही छापत राहिला. म्हणून बीटल्सची गाणी ७८वर भारतात निघाली आणि आज परदेशी संग्राहक त्या धुंडाळत असतात. शेजारी महूसारखी जुनी छावणी असताना इंदुरातल्या पेटीत नाचाच्या बँडची रेकॉर्ड निघाली तर नवल कसले?

लोकसंगीताची बाब याहून नाजूक आहे. देवासला बसून कुमारजींनी माळव्याच्या लोकधुना ऐकल्या आणि त्यांतून धुनउगम राग बांधले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच धुना गाणाऱ्या बायकांची, ढोलकीवाल्यांची नावे असलेली एखादी साडेतीन मिनिटांची तबकडी समोर आली की ती कोणाच्या लक्षात येत नाही. शाहीर साबळे, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्या ईपींचेही (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डचेही) तसेच. मोठी नावे निदान ओळखली जातात. लेबलवर नुसते ‘आणि पार्टी’ लिहिलेल्या कलावंतांना तेवढेही नशीब नाही.

आता कामाचे. पेटी खाली आली की पहिल्या दिवशी दोनच गोष्टी करायच्या: काही विकायचे नाही, आणि काही धुवायचे नाही. सगळ्यांत जास्त नुकसान उत्साही हातांनी पहिल्या तासात होते. पेटी उघडण्याआधी एन-९५ मास्क लावा आणि ती गच्चीत किंवा व्हरांड्यात सावलीत उघडा. आपल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात बंद लोखंडी कपाटात बुरशी धरतेच. पांढरे, राखाडी ठिपके किंवा जाळीसारखा थर दिसला तर ती रेकॉर्ड कव्हरासकट वेगळी ठेवा, नाहीतर तिचे कण निरोगी रेकॉर्डवर बसतात.

मग तबकडी लाखेची की प्लास्टिकची ते ओळखा, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांची असते. जड, ताठ, कडेला किंचित खरबरीत. नखाने हलके टिचकी मारली तर बशीसारखा टणटणीत आवाज येतो. हातातून सुटली की ती फुटलीच. एलपी आणि ईपी व्हिनाइलच्या. त्या लवतात आणि टिचकीला बोदा आवाज देतात. क्वचित एखादी तबकडी या दोन्हींत बसत नाही: मधल्या भोकाशी पाहिले तर आत ॲल्युमिनियमचा पत्रा दिसतो आणि वर काळ्या लॅकरचा थर असतो. ही कारखान्यात छापलेली नसते, एखाद्या कार्यक्रमाचे जागेवरच कोरलेले मुद्रण असते, आणि तिची दुसरी प्रत बहुधा नसतेच. तिच्यावर पांढरी पूड आली असेल तर पुसू नका, वाजवू तर मुळीच नका. लॅकर पापुद्र्यासारखे सुटते आणि आवाज त्याच्याबरोबर जातो. ती सपाट पुठ्ठ्यांत ठेवून तज्ज्ञांकडेच द्यावी. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे १९८२मध्ये सुरू झालेले लोकसंगीताचे मोठे ध्वनिसंग्रहालय आता गुरुग्रामला आहे. तिथे विचारणा करता येते.

एक रेकॉर्ड हातात घेऊन नीट पाहण्याची सवय लावून घ्या. तळवे कडेला, अंगठा लेबलावर, बोटे खाचांवर नाहीत. मोबाइलची बॅटरी लावून उजेड तिरका पाडा. नव्यासारख्या रेकॉर्डच्या खाचा काळ्याभोर चमकतात आणि उजेडाची एक सरळ रेघ केंद्रापासून कडेपर्यंत जाते. बोथट सुईने घासलेल्या भागात ती रेघ राखाडी, भुरकट होते. बहुतेकदा गाण्याच्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या जागी, आणि शेवटच्या वळशांत. लेबलच्या भोकाभोवती बारीक ओरखड्यांचे जाळे असेल तर ती पुष्कळदा लावली गेलेली आहे. गाणे संपल्यावर लेबलपर्यंत जी मोकळी चकचकीत पट्टी असते तिथे एक क्रमांक कोरलेला किंवा ठसवलेला असतो. तो मॅट्रिक्स क्रमांक. लेबल फाटले, खोडले, चुकीचे चिकटले तरी हा क्रमांक खोटे बोलत नाही.

म्हणून यादीत निदान एवढे असावे: कंपनी आणि लेबलचा रंग, सूचीक्रमांक अक्षरांसकट, दोन्ही बाजूंचे मॅट्रिक्स क्रमांक, लेबलवर जसे छापले आहे तसेच नाव (आपण शुद्धलेखन सुधारायचे नाही), वादक आणि साथीदार दिले असतील तर ते, व्यास, वेग, अवस्था, आणि कोठून आली ते. एचएमव्हीच्या क्रमांकाआधीची अक्षरे फार उपयोगी पडतात. ईएएलपी आणि ईसीएलपी म्हणजे मोनो एलपी, ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ, ७ईपीई म्हणजे ईपी. पॉलिडोरच्या भारतीय एलपी २३९२ने आणि ईपी २२२१ने सुरू होतात. एक सापळा: सात इंची म्हणजे ४५ असे धरून चालू नका. आपल्याकडे सात इंची रेकॉर्ड ३३⅓ वरही निघाल्या आहेत, आणि घाईने लावली तर गायक चिरक्या आवाजात धावत सुटतो. लेबल वाचा. देणगीदाराचे नाव कव्हरावर पेनाने लिहिलेले असेल, कोणी कोणाला भेट दिली असेल, दुकानाचा शिक्का असेल, तर तेही उतरवा. शहराचा इतिहास अशा शिक्क्यांवरूनही कळतो. जड संग्रहाच्या नोंदवहीत ‘रेकॉर्ड, नग १४०’ एवढीच ओळ असेल तर निर्लेखन करताना, म्हणजे नोंदीतून वस्तू कमी करताना, कोणाला कशाचा थांगपत्ता लागणार?

फार जुन्या तबकडीच्या शेवटी गायक किंवा गायिका स्वतःचे नाव ओरडून सांगते. सुरुवातीला भारतातली मुद्रणे छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि तिथल्या माणसांना कोणते गाणे कोणाचे ते कळावे म्हणून ही घोषणा असे. आवाज संगणकावर उतरवताना ती ‘फालतू बडबड’ म्हणून कापली जाते. कृपा करून कापू नका.

धुण्याची रीत. नळाचे पाणी वापरू नका, ते वाळल्यावर क्षार खाचेत बसतात आणि प्रत्येक क्षार पुढे कचकच वाजतो. डिस्टिल्ड वॉटर घ्या. लेबलला पाणी लागता कामा नये, म्हणून दोन्ही बाजूंनी लेबलएवढे प्लास्टिकच्या डब्याचे झाकण घट्ट धरावे. व्हिनाइलसाठी एक लिटर पाण्यात बिनवासाच्या सौम्य लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब. तेलकट बोटांचे डाग असतील तर चार भाग पाण्याला एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढायची, मग ओल्या ब्रशने खाचांच्या दिशेने, गोलगोल, तीन-चार फेऱ्या. आडवे घासले तर घाण खाचेच्या भिंतीवर चढते आणि तिथेच राहते. नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्याने दुसरा हात, आणि मायक्रोफायबर कापडाने टिपून स्वयंपाकघरातल्या ताटल्यांच्या स्टँडमध्ये उभी, सावलीत. खाच आतून पूर्ण वाळल्याशिवाय, म्हणजे निदान दोन-तीन तास, कव्हरात घालायची नाही. जुन्या कागदी आतल्या पिशवीत तर परत नाहीच. ती आम्लधर्मी होऊन भुरभुरलेली असते, तिचीच धूळ होते.

लाखेच्या तबकडीला अल्कोहोल म्हणजे विष. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार पॉलिश त्यातूनच करतात. हँड सॅनिटायझरचा एक पुसारा आणि खाचा कायमच्या गुळगुळीत. तिच्यासाठी फक्त पाणी आणि साबणाचा थेंब, तेही ओलसर कापडाने, भिजवत ठेवायचे नाही, आणि लगेच कोरडे करायचे. कडेला चीर असेल तर पाणी आत मुरून थर फुगतो. तिथे कोरडा ब्रशच बरा. खोबरेल, रॉकेल, काचा पुसण्याचा स्प्रे, लिंबू, यांतले काहीही कोणत्याही रेकॉर्डला लावू नये. तेलाने चकाकी येते हे खरे, पण ते खाचेत धूळ धरून ठेवते आणि सुईला चिकटते. वाकलेली रेकॉर्ड इस्त्रीने सरळ करू नये. फुटलेल्या तबकडीचे तुकडे फेव्हिक्विकने जोडू नयेत. सगळे तुकडे, अगदी कपरेसुद्धा, एका सपाट पाकिटात ठेवून वर क्रमांक लिहावा. सुई न लावता प्रकाशाने खाच वाचण्याचे तंत्र अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तयार झाले आहे, आणि त्याला तुकडेही चालतात. सरस लागलेला तुकडा मात्र कामातून जातो.

वाजवण्याबाबत आमचा आग्रह जरा कडक आहे. ७८च्या तबकडीची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनच्या टोकाची सुई लागते. एलपीची सुई १८ ते २५ मायक्रॉनची. एलपीची सुई ७८वर टेकवली तर ती खाचेच्या तळाशी घरंगळते, तिथली सगळी धूळ आणि खरखर वर आणते आणि गाणे मागे राहते. कित्येक लोक तेवढ्यावरून ‘ही रेकॉर्ड गेलेली आहे’ म्हणून टाकून देतात. योग्य सुईने तीच तबकडी स्वच्छ बोलते. उलट, ७८ची सुई एलपीवर टेकवली तर एका फेरीत एलपी संपली. म्हणून एकाच कार्ट्रिजच्या (सुई धरणाऱ्या भागाच्या) देहावर दोन सुया बदलता येतील असे साधन घ्यावे. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत तशी सोय आहे: एलपीच्या सुईला सुमारे २ ग्रॅम भार, ७८च्या सुईला सुमारे ५ ग्रॅम. सुई बदलली की भार पुन्हा तोलायचा, हे विसरले जाते आणि मग सुई उड्या मारते. भार मोजणारा काटा स्वस्तात मिळतो असे कोणी म्हणेल, पण चांगल्या काट्याला थोडे जास्त द्या. दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. सूटकेससारखे गोंडस दिसणारे स्वस्त प्लेअर संस्थेने मुळीच घेऊ नयेत. त्यांची सिरॅमिक कार्ट्रिज एलपीवर दुप्पट-तिप्पट भार टाकते. आणि चावीचा भोंग्याचा ग्रामोफोन असेल तर तो शोभेसाठी ठेवा किंवा भरपूर प्रती असलेल्या लाखेच्या तबकडीवरच वाजवा, दर बाजूला नवी लोखंडी सुई घालून. तिथे भार शंभर ग्रॅमच्या वर असतो.

७८ म्हटले तरी सगळ्या तबकड्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. विशेषतः १९२५च्या आधीच्या, विजेशिवाय भोंग्यात गाऊन केलेल्या. वेग सहा टक्के चुकला की पट्टी अर्ध्या सुराने, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या पट्टीवर सरकते. ७४वर मुद्रित झालेली काळी एक ७८वर लावली की जवळजवळ पांढरी दोन होते, आणि आवाज बारीक, तान अवास्तव जलद वाटते. इथे आपल्या संस्थांतल्या संवादिनीवाल्यांचा खरा उपयोग आहे. साथीच्या पेटीच्या सुरावरून आणि त्या गायकाची पट्टी ठाऊक असेल तर त्यावरून वेग बसवता येतो, आणि कोणत्या वेगावर बसवला ते यादीत लिहून ठेवायचे.

संगणकावर उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही फाइल. प्लेअरला यूएसबीची वायर असली तरी तिच्यातून बहुधा १६ बिटच मिळतात, म्हणून वेगळा ऑडिओ इंटरफेस (प्लेअरचा आवाज संगणकात नेणारे उपकरण) घ्यावा. मोनो तबकडीसुद्धा दोन्ही चॅनेलवर घ्या. जुन्या जड सुईने खाचेची एकच भिंत जास्त झिजलेली असते, त्यामुळे डावे-उजवे वेगवेगळे ऐकून चांगले ते ठेवता येते, किंवा दोन्ही एकत्र केले की उभ्या दिशेची खरखर एकमेकांना खोडते. आवाजाची पातळी शिखराला उणे ६ डेसिबलच्या खाली ठेवा. प्लेअरची अर्थिंगची तार जोडलेली नसेल तर ५० हर्ट्झची गुणगुण प्रत्येक फाइलमध्ये येते. जुन्या इमारतींत प्लगलाच अर्थिंग नसते, ते आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एलपीच्या खालच्या-वरच्या सुरांच्या समतोलाचा जो आरआयएए वक्र १९५४पासून रूढ झाला तो त्याआधीच्या तबकड्यांना लागू नाही. प्लेअर तो आपोआप लावतो आणि जुनी ७८ दबलेली वाटते. ऑडॅसिटी या फुकट प्रोग्रॅममध्ये तो काढून जुना वक्र लावता येतो.

एक मूळ फाइल मात्र जशी आली तशीच, काहीही न सुधारता ठेवायची. खरखर काढण्याचे बटण फार मोहात पाडते. जरा जास्त दाबले की सारंगीचा धागा, झांजेची किनार आणि गायिकेचा श्वास खरखरीबरोबर जातो, आणि उरते ते पाण्याखालून आल्यासारखे गाणे. सुधारलेली प्रत वेगळी करा, हवी तितक्यांदा करा, मूळ मात्र शाबूत असू द्या. मिनिटाला सुमारे ३५ एमबी जागा लागते, म्हणजे ७८ची एक बाजू शंभर-सव्वाशे एमबी आणि चाळीस मिनिटांची एलपी दीड जीबीच्या आत. पाचशे एलपी एका टेराबाइटमध्ये बसतात. दोन डिस्क संस्थेत आणि तिसरी दुसऱ्या इमारतीत, एवढे केले की पुरे. शंभर ७८ म्हणजे दोनशे बाजू, नुसते ऐकायलाच दहा तास. धुणे, यादी, सुया बदलणे धरून त्याच्या तिप्पट. दर रविवारी तीन तास दिले तर दहा आठवड्यांचे काम.

ठेवण्याची जागा तळमजल्यावर, आतल्या भिंतीशी. मे महिन्यात बेचाळीस अंशांचा तडाखा बसणारी वरची खोली किंवा पत्र्याखालचा माळा नको. रेकॉर्ड पुस्तकांसारख्या उभ्या, सरळ. तिरक्या राहिल्या की वाकतात, एकावर एक रचल्या की खालच्या लाखेच्या तडकतात. दर सहा इंचांवर पक्का आडोसा हवा. फूटभर एलपींचे वजन पंधरा किलोच्या पुढे जाते, लाखेच्या त्याहून जड, तेव्हा प्लायवूडच्या लवचीक फळ्या चालणार नाहीत. ७८, एलपी आणि ईपी एकत्र ठेवू नका. वेगवेगळ्या आकारांचा दाब वेगळा पडतो. बाहेरचे पारदर्शक कव्हर पीव्हीसीचे नको, ते वर्षांनी रेकॉर्डवर धूसर थर उमटवते. पॉलिथिनचे घ्या.

कायद्याची भीती घालून हे काम थांबवले जाऊ नये. ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे असतो. १९६४ साली निघालेल्या तबकडीवरचा तो हक्क २०२४अखेर संपला. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. म्हणून फाइली इंटरनेटवर टाकण्याची घाई नको. पण कायद्याच्या कलम ५२(१)(एन)मध्ये, २०१२च्या दुरुस्तीने, बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे असलेल्या कृतीची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवायची मुभा आहे, आणि ५२(१)(के)मध्ये नफ्यासाठी नसलेल्या क्लबसारख्या संस्थेला आपल्या कार्यक्रमाचा भाग म्हणून रेकॉर्ड ऐकवायची. आपल्या वकील सभासदांना ही दोन कलमे दाखवून ठराव करावा.

पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत तीन गोष्टी मांडाव्यात अशी विनंती आहे. सहा महिने एकही रेकॉर्ड विकायची किंवा निर्लेखित करायची नाही. यादी पूर्ण झाली की ती शहरातल्या बाकीच्या संस्थांना द्यायची, म्हणजे कोणाकडे कशाच्या दोन प्रती आहेत आणि कशाची एकच, हे कळेल. दुहेरी प्रती खुशाल वाटा, विका, इंदूरजवळच्या पिगडंबरच्या ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालयाला विचारा. आणि प्लेअर, दोन सुया, इंटरफेस हा संच प्रत्येक संस्थेने वेगळा घेण्याऐवजी चार संस्थांनी मिळून एक घ्यावा, आणि तो दर तीन महिन्यांनी या संस्थेतून त्या संस्थेत जावा.

उतरवण्याचा क्रम मात्र आम्ही सांगितला तसा उलटा ठेवावा: आधी ‘आणि पार्टी’वाल्या, अनोळखी बँडच्या, माळवी आणि कोंकणी, मग पॉप, मग शाहिरी, आणि खाँसाहेब व लताबाई शेवटी. सुई लावायला, धुवून दाखवायला आणि लेबल वाचायला आमच्यातले दोघे-तिघे कोणत्याही रविवारी सकाळी येऊ शकतात. प्लास्टिकची दोन झाकणे, ताटल्यांचा स्टँड आणि पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर तेवढे आणून ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
जुन्या रेकॉर्ड ऐकणारे आणि दुरुस्त करणारे काही इंदूरकर